हिरानो-सानची बोटं

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

हिरानो-सान म्हातारे झाले. हे वाक्य लिहायचा धीर होत नव्हता, पण आज लिहून टाकतो. मराठीत लिहिलेलं पेढीवर कुणाला वाचता यायचं नाही. घरात बायकोला, उत्तराला येतं, पण तिला माझ्या वहीपेक्षा तिच्या ऑफिसातल्या भांडणांत जास्त रस आहे.

आज लिलावाआधी एका माशावरून आमचं बिनसलं. उत्तरेकडे गळाला लागलेला, चांगला दणदणीत ब्लूफिन ट्यूना. तोयोसू मासळी बाजाराच्या हिरव्या फरशीवर ओळीने मांडलेल्या माशांत मला पहिल्या नजरेत तोच आवडला. शेपटीकडच्या कापातून मी चिमूटभर मांस काढलं आणि अंगठा-तर्जनीत मळलं. आमचं सगळं दुकान या चिमटीवर चालतं. चरबी असेल तर मांस बोटांच्या उबेने लोण्यासारखं विरघळतं, नसेल तर नुसतं पाणी सुटतं. वरून कितीही लालभडक दिसो, आतला मासा चिमटीतच कळतो. कळला की बोली लावायची, घ्यायचा, आणि दुकानात कापून सुशीवाल्यांना विकायचा. मी म्हटलं, चरबी आहे, घेऊया. हिरानो-साननी स्वतः चिमूट घेतली, मान हलवली आणि म्हणाले, पाणी आहे. मी पुन्हा मळून पाहिलं. मला काही पाणीबिणी लागलं नाही. पण टोपी त्यांची, बोली त्यांची. मासा शेजारच्या पेढीने नेला.

एकाहत्तर वर्षांचा माणूस, सगळा जन्म बर्फात हात घालून काढलेला. बोटं कधीतरी दगा देणारच. जानेवारीत ते घरी बसणार आणि त्यांच्या लिलावाच्या टोपीवरची नंबराची पाटी, म्हणजे बोलीचा परवाना, माझ्या टोपीला लागणार, हे त्यांनीच गेल्या वर्षी सगळ्यांसमोर जाहीर केलंय. डोंबिवलीच्या अंबरीष लिमयेच्या डोक्यावर तोयोसूतली पाटी! तोवर त्यांना सांभाळून घ्यायचं, बोलून दाखवायचं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

बाबांची तिथी. आईने डोंबिवलीत सगळं यथासांग केलं आणि मग व्हिडिओ कॉल लावून मला फोटोला नमस्कार करायला लावला. आधी विचारलं, आंघोळ केलीस ना? रविवारी बाजार बंद असतो हे तिला हजारदा सांगितलंय, तरी तिच्या डोक्यात मी चोवीस तास माशांत बसलेला असतो. मग नेहमीचा प्रश्न, तोंडाला लावलं नाहीस ना रे? म्हटलं, नाही लावलं.

खरंच नाही लावलेलं. मुंबईच्या कंपनीने जपानी येतं म्हणून मला मासळीच्या निर्यातीसाठी इथे पाठवलं, काम शिकायला हिरानो-सानच्या पेढीवर बसवलं, आणि वर्षभरात इथलं ऑफिसच गुंडाळलं. हिरानो-सान म्हणाले, तू राहा. तेव्हा आईने तीन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. शेवटी मी शब्द दिला, हात लावीन पण तोंडाला लावणार नाही. या देशात तो पाळणं म्हणजे दिव्य आहे. सुपात मासा, सॉसमध्ये मासा, साध्या नूडल्सच्या पाण्यातसुद्धा मासा. म्हणून मी बाहेर काही खातच नाही. पोळीभाजीचा डबा, घरी वरणभात.

पेढीवर बाकीचे हसायचे. हिरानो-सान कधी हसले नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की जो खातो तो स्वतःच्या जिभेला आवडेल तो मासा घेतो. तुझ्या बोटांना हाव नाही. शिवाय तुम्ही लोक हाताने जेवता, भात किती गरम, किती मऊ, हे तुमच्या बोटांना लहानपणापासून कळतं. याच एका गोष्टीवर त्यांनी मला ठेवून घेतलं.

आईच्या शेजारच्या सुनीताकाकू मालवणच्या. त्या कॉलमध्ये डोकावून म्हणाल्या, एवढा शिकून कुप्याच्या शेपट्या चाचपत बसतोस होय? आमच्याकडे कुपा पाव्हण्यांना वाढत नाहीत. मी म्हटलं, काकू, हा त्याचा श्रीमंत चुलतभाऊ आहे.

जीभ सोलवटल्यासारखी झालीय, तिखट अजिबात सोसत नाही. आई म्हणाली, पित्त. पहाटे उठणाऱ्याला पित्त होणारच. गोळी रोज चालू आहे आणि दूध-दही बंद करूनही दोन वर्षं झाली, तरी हे आहेच.

२७ सप्टेंबर, शनिवार

ईश्वरीला शाळेत ‘आपल्या भागातलं काम’ असा प्रकल्प आहे. आमचा भाग कोतो, त्यात तोयोसू, म्हणून तिने बापाला निवडलं. मी मराठीत सांगायचं, तिने जपानीत विचारायचं, हा आमच्या घरचा नियमच होऊन बसलाय.

मी तिला ओळख शिकवली. बाजूचा पर बघायचा. ब्लूफिनचा तोकडा असतो, मोठ्या डोळ्यांच्या ट्यूनाचा लांबलचक. पिवळ्या पराच्या ट्यूनाला पाठीवर आणि पोटाखाली कोयत्यासारखे पिवळे पर. लहान मासे एकमेकांत मिसळले की इथले जुनेजाणतेही गोंधळतात, पण पर खोटं बोलत नाही. मग म्हटलं, हा मासा बाकीच्यांसारखा थंड नसतो. त्याचं रक्त स्वतःची ऊब धरून ठेवतं, म्हणून तो बर्फासारख्या पाण्यातही वेगाने पोहतो. आणि पोहायचं कधीच थांबत नाही, कारण तोंड उघडं ठेवून पुढे जात राहिला तरच त्याच्या कल्ल्यांतून पाणी फिरतं. थांबला की गुदमरला. तिने विचारलं, मग झोपतो कधी? म्हटलं, पोहता पोहताच, निदान आम्ही तरी तसंच समजतो.

चित्र काढून दाखवायला बसलो तर पेन्सिल तीनदा सुटली. तिसऱ्यांदा ईश्वरीने ती उचलून हातात दिली नाही, स्वतःच चित्र काढलं. छान काढलं. पर मात्र लांब काढला. मी उगाच तिच्यावर ओरडलो. मोठ्या डोळ्यांच्या ट्यूनाचं नाव, जे मी रोज शंभरदा घेतो, ते ऐनवेळी आठवेना म्हणून चिडचिड झाली असावी. उत्तरा म्हणाली, तू हल्ली फार ताडताड बोलतोस.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज उत्तराला थक्क केलं. ती पोळ्या करत होती, फोन आला म्हणून गेली. तवा धुरायला लागला. मी सरळ हाताने उचलला आणि बाजूला ठेवला. सांडशी नाही, फडकं नाही. ती किंचाळली. मी म्हटलं, इतकी वर्षं बर्फात राहून हात असे तयार झालेत, गरम-गार काही वाटतच नाही. जुन्या बाजारातले म्हातारे निखारा उचलायचे म्हणे.

संध्याकाळी तर्जनीवर आणि अंगठ्यावर टपोरे फोड आले होते. उत्तराने मलम लावलं. पूर्ण वेळ ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, दुखतंय का? नव्हतं दुखत. म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. फोडासाठी कुणी डॉक्टरकडे जातं का?

तिने मग जूनमधल्या माझ्या पेढीच्या आरोग्य तपासणीचा विषय काढला. त्यात रक्ताच्या पेशी आकाराने मोठ्या आहेत, पुन्हा दाखवा, असा शेरा होता. मोठ्या तर मोठ्या. लहान असत्या तर काळजी.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरक चतुर्दशी. आईचा आग्रह म्हणून तेल-उटणं लावून अंघोळ केली. डोळ्यांत साबण गेला म्हणून मिटून घेतले, आणि एकदम तोल जाऊन टबाच्या काठावर आपटलो. या प्लास्टिकच्या बाथरूमात तेल लावायचं म्हणजे आत्महत्याच आहे. बरगड्या ठणकताहेत. तसाच कामावर गेलो.

पायांना हल्ली सतत मुंग्या. तळव्याखाली सतरंजी अंथरल्यासारखं वाटतं. रबरी बुटांचा दोष आहे, नवीन घ्यायला हवेत. बाजारात हिरानो-सान माझ्या चालण्याकडे बघत होते. मी म्हटलं, बूट घट्ट आहेत. त्यांनी मान डोलावली.

आजही दोन माशांवर आमचं जमलं नाही. मी मळलं तर चरबी, त्यांनी मळलं तर पाणी. दुसऱ्या माशावर उलट. मी गप्प बसलो. आतल्या आत वाईट वाटलं. या माणसाने मला बोट धरून शिकवलं. कापडाखाली हात घालायला लावायचे, डोळ्यांनी बघायचं नाही, चिमटीने सांगायचं कुठल्या पाण्यातला, किती चरबीचा. त्याच माणसाची चिमूट जायला लागलीय आणि मला ते बघावं लागतंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वाईट दिवस. याके झाला.

याके म्हणजे जळका मासा. ब्लूफिन गळाला लागला की झुंजतो. कोळ्याने त्याला लवकर आवरून, नीट मारून, थंड केलं नाही तर त्याच्या स्वतःच्या उबेने मांस आतून शिजायला लागतं. फिकं पडतं, पाणी सुटतं, जिभेला आंबट लागतं. सुरुवातीचा जळका असेल तर रंगावरून कळतच नाही, काही तास लालच दिसतो. चिमटीत मात्र कळतो, म्हणून तर चिमूट.

शनिवारी हिरानो-सानना ताप होता. तरी मास्क लावून आले, कारण पाटी त्यांच्याच टोपीवर. म्हणाले, आज तुझ्या बोटांवर. मी सांगितला तो मासा त्यांनी न मळता घेतला. आज शिओमी-सान स्वतः दुकानात आले. चाळीस वर्षं आमच्याकडूनच मासा नेणारे सुशीवाले. कापडात गुंडाळलेला तुकडा त्यांनी फळीवर ठेवला आणि एवढंच म्हणाले, की हा मी गिऱ्हाइकापुढे ठेवला होता. त्यांचा आवाज चढला नाही. तसा चढला असता तर बरं झालं असतं.

हिरानो-सान कमरेत वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. म्हणाले, निवड माझी होती. आणि खरं सांगायचं तर होतीही. बोली शेवटी त्यांची. ताप असताना यायचं कशाला? निदान एकदा स्वतः बघायचं. मीही वाकलो, पण मला मनातून त्यांचा राग आला.

१२ नोव्हेंबर

बाजार बंद. दिवसभर झोपलो. तरी थकवा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज मी बोलू नये ते बोललो.

गेला आठवडाभर बघतोय. मी ओळीतून पुढे जातो, मासा मळतो, पुढच्याकडे वळतो. मागे वळून पाहिलं की हिरानो-सान त्याच माशापाशी उभे, मी जिथे बोट घातलं तिथेच त्यांचं बोट. प्रत्येक मासा. शिओमी-सानच्या प्रकरणाचं खापर माझ्यावर फोडायचंय, पण तोंडाने म्हणवत नाही, म्हणून हे. मी काय कालचा पोरगा आहे?

दुकानात परतल्यावर मी त्यांना आत नेलं, जिथे बर्फाचं यंत्र आहे. म्हटलं, “हिरानो-सान, मला वाईट वाटतंय, पण कुणीतरी सांगायला हवं. वयाने तुमची बोटं गेली आहेत. वर्षभर मी बघतोय.”

मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. त्यांनी हातमोजा काढला, स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, आणि म्हणाले, “असेल. वयाचं काय सांगावं.” मग माझं नाव त्यांच्या जिभेला जमेल तसं घेऊन विचारलं, “अंबारी-सान, तू नीट जेवतोस ना?”

विषय बदलायची ही त्यांची जुनी खोड. मी म्हटलं, भरपूर जेवतो.

घरी आल्यापासून चैन नाही. बापाला बोलल्यासारखं वाटतंय. पण खोटं तर बोललो नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे सायकलवरून पडलो. अंधारात पुलाच्या उतारावर पाय पेडलवर आहे की नाही हेच कळलं नाही. खाली पाहिलं तेव्हा कळलं, नव्हता. गुडघा फुटला. तसाच बाजारात गेलो तर हिरानो-साननी मला फरशीवर जाऊच दिलं नाही. उत्तराला फोन केला. तिचा नंबर त्यांच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. नंतर कळलं, दोघं महिनाभर बोलताहेत. माझ्यावर घरातून आणि बाजारातून पाळत होती म्हणायची.

उत्तरा रजा टाकून आली आणि मला धरून दवाखान्यात घेऊन गेली. टॅक्सीत ती नुसती रडत होती. मी म्हटलं, गुडघ्यासाठी रडतेस काय?

डॉक्टरीणबाईंनी गुडघा सोडून सगळं तपासलं. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तर मी त्यांच्या अंगावर कोसळलो. एक कंप पावणारा काटा पायाच्या अंगठ्याला लावला आणि विचारलं, थरथर जाणवतेय का? मला वाटलं अजून लावलाच नाही. मग तोच हाताच्या बोटाला लावला. थोडं काहीतरी जाणवल्यासारखं वाटलं, की नाही वाटलं, सांगता येत नाही. धंदा विचारला. तोयोसूत ब्लूफिन निवडतो म्हटल्यावर कौतुकाने मान डोलावली आणि मानेच्या मणक्याचा फोटो काढायला पाठवलं. रक्तही घेतलं.

६ डिसेंबर, शनिवार

मणका ठीक आहे.

बाईंनी रक्ताचा कागद समोर ठेवला. जूनमध्ये होतं तेच, फक्त जास्त वाईट. मग सहज विचारावं तसं विचारलं, तुम्ही जेवता काय? मी सांगितलं. मासा? नाही. अंडी? नाही. दूध? पित्तामुळे बंद. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “तुमचा धंदा ऐकला आणि मी हा प्रश्नच विचारला नाही. माझी चूक झाली.”

बी-ट्वेल्व्ह. उत्तराने कपाळावर हात मारून घेतला. आमच्या ओळखीतल्या अर्ध्या घरांत या इंजेक्शनांचे कोर्स झालेत, तिच्या स्वतःच्या वडिलांना झालाय. पण बोटं म्हटलं की बर्फ आणि पाय म्हटलं की बूट, असं मी सगळ्यांच्या आधीच ठरवून सांगत होतो, तर तिला तरी कसं सुचावं? यकृतात बरीच वर्षं साठा असतो म्हणे. माझा संपत आला, वर पित्ताच्या गोळीने उरलंसुरलं अंगी लागू दिलं नाही. मज्जातंतूंवरचं आवरण झिजलंय. इंजेक्शनं आजपासून. थकवा जाईल, तोल सुधारेल.

मी विचारलं, बोटं? बाई म्हणाल्या, किती दिवसांपासून कळत नाहीये, त्यावर आहे. फार दिवस झाले असतील तर सगळं परत येईल असं मी सांगणार नाही.

कधीपासून ते मला कुठे माहीत आहे? मला तर कळत होतं. मला सगळं कळत होतं.

७ डिसेंबर, रविवार

सकाळपासून मासे आठवताहेत. सप्टेंबरातला तो पहिला, ज्यात पाणी होतं. दिवाळीतले दोन. शिओमी-सानचा. मी चरबी म्हटलं तिथे पाणी होतं आणि पाणी म्हटलं तिथे चरबी. त्यांचं एकही चुकलं नव्हतं. आणि मी त्या माणसाला बर्फाच्या यंत्रापाशी उभं करून सांगितलं की तुमची बोटं गेली. त्यांनी मोजा काढून बोटांकडे पाहिलं होतं. मला आता जेवण जात नाही.

८ डिसेंबर, सोमवार

बाजार उघडायच्या आधी त्यांना सांगितलं. माफी मागितली. वाकलो तर तोल जायला लागला, त्यांनी दंडाला धरलं. म्हणाले, चूक माझी. तू खात नाहीस म्हणून तुझी बोटं चांगली, असं मीच म्हणायचो. कौतुक करत होतो.

मग म्हणाले, इंजेक्शनं घे, वर्षाअखेर बघू.

आईला फक्त अशक्तपणा आहे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, बदाम खा.

२० डिसेंबर, शनिवार

सहावं इंजेक्शन. थकवा गेला, हे मान्य करायला हवं. जीभ बरी आहे. काल कठडा न धरता जिना उतरलो. बोटांत सुया टोचल्यासारखं होतंय, बाई म्हणाल्या, चांगलं लक्षण असू शकतं. असू शकतं! मी दिवसभर बोटं एकमेकांवर घासत बसतो. उत्तरा टीव्ही बघता बघता माझा हात ओढून स्वतःच्या हातात धरून ठेवते, म्हणजे मी घासू नये.

काल स्वयंपाकघरात डोळे मिटून एका बोटाला तूप आणि एकाला पाणी लावून बघितलं. ओळखलं. पुन्हा लावलं. पुन्हा ओळखलं. तिसऱ्यांदा ईश्वरीने लावलं, तेव्हाही ओळखलं असं ती म्हणाली. तूप गोठलेलं होतं, हे खरं. पण मला पाटी दिसायला लागलीय. नाही कसं म्हणू?

२७ डिसेंबर, शनिवार

आज हिरानो-साननी दुकान आवरल्यावर मला बोलावलं. वर्षाअखेरची झुंबड, सगळे दमून गेलेले. फळीवर सुती टॉवेल पसरला होता आणि त्याखाली तीन तुकडे. जुनी परीक्षा. म्हणाले, चांगला कोणता, तो सांग.

मी हात धुतले, बराच वेळ गरम पाण्याखाली धरले. मग टॉवेलखाली घातले. पहिला. दुसरा. तिसरा. पुन्हा पहिला. सुया टोचत होत्या, त्यांच्या पलीकडे काहीतरी होतं, ते चरबी आहे की मला हवी आहे म्हणून आहे, ठरवता येत नव्हतं. मी दुसरा म्हटलं.

हिरानो-सान क्षणभर थांबले. मग म्हणाले, “बरोबर.”

इतक्या वर्षांत या माणसाने मला एकदाही बरोबर म्हटलेलं नाही. चुकलं तर सांगायचे, नाही चुकलं तर पुढचा मासा. मला भरूनच आलं. मी तिथेच रडलो, लाज सोडून. ते म्हणाले, जानेवारीत टोपी तुझी. फक्त सुरुवातीचे काही महिने मीही येत जाईन, घरी बसून कंटाळा येईल. मी म्हटलं, या की, तुमचंच दुकान आहे.

मग मी म्हटलं, हा तुकडा मी ईश्वरीसाठी नेतो. ती खाते, उत्तराही खाते, त्यांना मी नाही कधी म्हटलं नाही. हिरानो-सान म्हणाले, मुलीसाठी यापेक्षा चांगला देतो, पोटाकडचा, आणि ते फ्रिजकडे वळलेसुद्धा. मी हट्टच धरला. म्हटलं, नाही, मी निवडलेलाच. ते पाठमोरे बराच वेळ उभे होते. मग त्यांनी तो कागदात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी दिला.

घरी उत्तराने काप केले. बशीत मला जरा निस्तेज वाटले, पण आमच्या स्वयंपाकघरातला दिवा पिवळा आहे. मी दोघींना सगळी हकीकत सांगितली, हिरानो-सान कसे थांबले, कसे म्हणाले. उत्तराचे डोळे भरले. ईश्वरीने एक काप सोयाला लावून तोंडात टाकला. चावला. थांबली. मग जपानीत म्हणाली, “सुप्पाई.” आंबट आहे.

मी म्हटलं, सोया जास्त लावलास. तिने दुसरा नुसता खाल्ला आणि मान हलवली. उत्तरा घाईने म्हणाली, हिला सुपरमार्केटचं खायची सवय, हिला काय कळतंय. तिने स्वतः एक काप घेतला, चावून चावून गिळला आणि म्हणाली, “छान आहे रे.” बोलताना ती बशीकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

मी एक काप उचलला. उत्तरा म्हणाली, अंबरीष, नको. आईला शब्द दिलायस. ईश्वरी आ वासून बघत होती.

आंबट होता. मी बशीतले सगळे खाल्ले.

मग फोन लावला. हिरानो-साननी पहिल्याच रिंगला उचलला. मी सांगितलं, पाटी दुसऱ्या कुणाच्या टोपीला लावा. मग म्हणाले, बरं.

का, ते त्यांनी विचारलं नाही.